इंजिनांचं पंचायतन

श्रीधर गुरुजींवर काहीतरी लिही म्हणून लोक मला सांगतात, आणि वर बजावतात की जरा गोड लिही. गोड कसलं लिहू? या माणसानं मला जेवढा ताप दिला तेवढा माझ्या सख्ख्या भावानं दिला नाय. तरी लिहिते. दुसऱ्या कुणी लिहिलं तर ते हमखास चुकीचं लिहील आणि मग मलाच राग येईल.

छावणीच्या पुढं, वाळूजच्या रस्त्याला आमच्या ट्रस्टचं आयटीआय आहे. सकाळी कंपन्यांच्या शिफ्टच्या बस गेटासमोरून जातात तेव्हा वर्गाच्या काचा हादरतात. मी तिथं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते आणि शेजारच्या शेडमध्ये गुरुजी मोटार मेकॅनिकचा. एके काळी मी त्यांच्याच वर्गात होते. गंगापूर तालुक्यातल्या कापूसवाल्याची पोरगी तेलकट हातानं नट फिरवते म्हणून गावभर बोभाटा झालेला. गुरुजींनी पहिल्या दिवशी मला एवढंच विचारलं, "सोनिया, पाना कोणत्या हातात सोयीचा पडतो तुला?" तू मुलगी असून इथं कशी, हे त्यांनी कधीच विचारलं नाय. पुढं मी ट्रेड बदलून वायरींकडं गेले, त्याचा राग मात्र त्यांनी अजून सोडलेला नाय.

गुरुजी हे नाव पोरांनी दिलेलं. त्यांचे वडील गंगापुरात भिक्षुकी करायचे. घरात पंचायतन होतं, म्हणजे गणपती, शंकर, देवी, सूर्य आणि विष्णू असे पाच देव एका ताम्हनात. रोज पाचांची पूजा, एकाचीही चुकवायची नाय. श्रीधरला दहाव्या वर्षापर्यंत सगळे मंत्र पाठ. मुलगा गादी चालवणार म्हणून वडील निर्धास्त होते. मग एकदा दोघं बापलेक सत्यनारायणाला कायगावकडं निघाले आणि वाटेत जीप बंद पडली. यजमान खोळंबलेला, वडील जीपमध्ये बसून स्तोत्र म्हणतायत. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, कार्बोरेटर खोलला, त्यातला पेट्रोलचा तुंबलेला बारका जेट काढून तोंडानं फुंकला, परत बसवला आणि हँडल मारलं. जीप चालू. गुरुजी ही गोष्ट सांगताना अजून गालातल्या गालात हसतात. वडील म्हणाले, बघ, देवानं ऐकलं. श्रीधर म्हणाला, बाबा, देवानं कुठं, फुंकर तर त्यानं मारली.

पंचायतन थोरल्या भावाकडं गेलं आणि हे इंजिनांकडं आले. वडील शेवटपर्यंत टोमणा मारायचे, "तुझ्या देवांना पेट्रोल लागतं रे." हे उलट म्हणायचे, "तुमच्यांना तूप लागतं."

शेडमध्ये लोखंडी चाकाच्या स्टँडवर पाच इंजिनं ओळीनं उभी होती. पोरं त्या शेडला पंचायतनच म्हणायची. पहिलं जीपचं, छावणीच्या लष्करी लिलावातून आणलेलं, महायुद्धाच्या काळातली बनावट. त्याचे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराच्या उघडमिट होणाऱ्या झडपा, वर डोक्यात नसतात, सिलिंडरच्या शेजारी बाजूला असतात. गुरुजी त्यावर हात ठेवून म्हणायचे, "याच्यात दिखाऊ काय नाय. चिखलात घाला, वाळूत घाला, कुणाही अडाण्याच्या हातात द्या, चालतंय. गाडी रस्ता सोडून चालू शकते हे जगाला यानं शिकवलं." दुसरं ॲम्बॅसिडरचं, मूळ विलायतेतलं. तिकडं लोक त्याला विसरून गेले तरी आपल्याकडं त्यानं मंत्र्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना वाहिलं. तिसरं फियाटचं, इटलीच्या घराण्यातलं, आवाज जरा नाजूक. चौथं मारुती आठशेचं, तीनच सिलिंडरचं, एवढंसं. त्याच्यापाशी आले की गुरुजींचा सूर बदलायचा. "यानं शाळामास्तराला गाडीत बसवलं. याच्या आधी मास्तर फक्त गाडी ढकलायचा." आणि पाचवं छोटं डिझेल. एकच इंजिन, पण वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या नावानं आपापल्या बॉनेटखाली बसवलेलं. गुरुजी म्हणायचे, "याच्याएवढी सासरं कुणाच्या नशिबी आली नसतील."

कोणत्याही प्रॅक्टिकलला आधी जीपचं इंजिन चालू व्हायचं. ते गणपती. मग बाकीचे. या क्रमात त्यांनी कधी ढिलाई केली नाय.

मागं एकदा कुणीतरी फियाटचा कार्बोरेटर आपल्या घरच्या गाडीला लावायला नेला आणि महिनाभर आणून दिला नाय. गुरुजींनी असा काय गोंधळ घातला की बास. शेवटी ट्रस्टकडून लिहूनच घेतलं की पाच इंजिनं म्हणजे एक अखंड संच, त्यातलं एकही वेगळं करता येणार नाय. "पंचायतनातला एक देव उचलून नेतात का कुठं?" असं ते सगळ्यांना ऐकवत हिंडायचे. त्या वेळी मला त्यांचं लई कौतुक वाटलं होतं.

मग यंदा गणपतीनंतर प्राचार्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. इलेक्ट्रिक गाड्यांची लॅब येणार, त्यासाठी स्वराली नावाची नवी शिक्षिका आलेली आहे, आणि लॅबला जागा म्हणून गुरुजींची शेड हवी. ट्रस्टचा नियम असा, की चालू साहित्य भंगारात काढता येत नाय, बंद काढता येतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून ट्रस्टचे इंद्रजीतसाहेब तपासणीला येणार. त्यांच्यासमोर पाचही इंजिनं चालू झाली तर संच वाचला. एक जरी अडलं तर संच अपुरा, आणि अपुरा संच भंगारात.

बाहेर आल्यावर गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला म्हणाले, "चाकांना ग्रीस करायला पाहिजे. स्टँड हलताना कुरकुर करतात, साहेबांना वाटेल दुर्लक्ष आहे."

तेव्हापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. स्टँडच्या प्रत्येक चाकाला त्यांनी स्वतःच्या हातानं ग्रीस भरलं. रोज सकाळी पाचही इंजिनं चालू करून बघायचे आणि बंद केल्यावर पुन्हा शंका यायची. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात येऊन उभे राहायचे. "सोनिया, फियाट जरा दमल्यासारखं वाटलं का गं आज?" मी म्हणायचे, "गुरुजी, दमलात तुम्ही." त्यांच्या मिसेस अंबिकाकाकू मला फोन करायच्या. "अगं, यांनी बीपीची गोळी खिशात ठेवली आणि विसरले. शर्ट धुवायला टाकला तर गोळी सापडली. तू जरा बघ गं." मी काय बघणार? ते माझं ऐकणारे असते तर आणखी काय पाहिजे होतं.

आणि त्यात लोकांची कुजबुज. शेड रिकामी झाली तर लॅब माझ्याच विभागाला जोडली जाणार होती ना. एक दिवस गुरुजीच बोलून गेले, "तुझं काय बाई, तुझ्या तर पथ्यावरच पडतंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, "परत असं बोललात तर तुमच्या शेडचा मेन स्विच काढून घरी घेऊन जाईन." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पेरू ठेवलेला दिसला. माफी मागायची ती त्यांची रीत होती.

स्वरालीशी तर ते धड बोलायचेच नाय. तिच्या मोटारीला ते पंखा म्हणायचे. पोरगी शहाणी, हसून सोडून द्यायची. एकदा तिनं त्यांना विचारलं, "सर, मला ही पाचही इंजिनं नीट दाखवाल का? आम्हाला कॉलेजात यातली दोनच होती." गुरुजी म्हणाले, "दसरा होऊ दे." तेवढ्यावरच तो विषय राहिला.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळ्या ट्रेडची हत्यारं, मशिनं पुजतात. माझ्या वर्गात मल्टिमीटरला हळदकुंकू लावून, पेढा वाटून मोकळं व्हायचं काम. पंचायतनात मात्र गुरुजींची पूजा शास्त्रोक्त असायची. सोवळं नेसत नव्हते एवढंच, बाकी आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंत सगळं. पूजा संपली की दरवर्षी कुणीतरी खोडसाळ पोरगं विचारायचं, "गुरुजी, उत्तरपूजा?" आणि ते दरवर्षी तेच म्हणायचे, "ती देव बोळवताना करतात. इथं उद्या परत प्रॅक्टिकल आहे."

यंदा पूजा जरा जास्तच दणक्यात झाली. सकाळी पाचही इंजिनं चालवून बघितली, एकदम फर्मास. मग त्यांनी सगळी पुसली, चकाचक केली, जीपच्या इंजिनाचा, कार्बोरेटरच्या तोंडावरचा एअर क्लीनर काढून, धुवून, उन्हात वाळत ठेवला. फुलांच्या माळा आणल्या. आणि एरवी स्वतः चार अक्षता वाहायचे, यंदा त्यांनी परातभर तांदूळ हळदीकुंकवात कालवून सगळ्या पोरांना मूठ मूठ दिले. "सगळ्यांनी वाहा. सगळ्यांचा आशीर्वाद लागतोय." मग त्यांनी मंत्रपुष्प म्हणलं. ते थांबले आणि पोरांनी लग्नात टाकतात तशा अक्षता टाकल्या, मागच्यांनी तर पुढच्यांच्या डोक्यावरून उधळल्या. पोरं खिदळत होती, गुरुजींचे डोळे मिटलेले. नंतर त्यांनी वाळलेला एअर क्लीनर आणला, जागेवर बसवला आणि वरून एक झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी गावाकडं होते. तपासणीच्या दिवशी लवकर आले तर शेडमधून आवाज यायला पाहिजे तो येईना. नुसती स्टार्टरची घरघर, मग 'फट्', मग शांत. परत घरघर, परत 'फट्'.

गुरुजी जीपच्या इंजिनापाशी उभे होते, शर्ट पाठीला चिकटलेला. पोरं भिंतीला लागून उभी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आल्यापासून."

"बाकीची चार?"

"अजून चालू केली नाय."

"अहो, का?"

"याच्या आधी त्यांना कसं चालू करू?"

देवा! साहेब येऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा पीत बसलेला आणि हा माणूस गणपतीचा मान सांभाळतोय. मी पोरांना ओरडले, "ए, बाकीची चार लावा आधी. पाप लागलं तर मला लागू दे!" पोरं धावली. ॲम्बॅसिडर लागलं, फियाट लागलं, मारुती लागलं, डिझेल लागलं. जिवात जीव आला, पण अर्धाच. संच म्हणजे पाच.

गुरुजींनी पेट्रोल तपासलं, येत होतं. ठिणगी तपासली, निळी, कडक. आता राहिलं एकच. त्यांनी चारही प्लग काढले, एका पोराला इंजिन फिरवायला सांगितलं आणि पहिल्या भोकावर अंगठा दाबून धरला. इंजिन धडधाकट असलं की आतला दाब अंगठा उडवून लावतो. पहिल्यावर उडाला. दुसऱ्यावर उडेना. त्यांनी परत दाबला, परत नाय. तिसऱ्यावरही नाय. चौथ्यावर उडाला. ते अंगठ्याकडं बघत राहिले आणि मग सावकाश खाली फरशीवर बसले.

"दोन व्हॉल्व्ह बसत नायत. जळले असतील."

"कसे जळतील? परवा तर चालू होतं!"

"जुनं आहे गं. माणूसही परवा चालत असतो."

व्हॉल्व्ह जळले म्हणजे खोलून, घासून बसवायचं काम, तासाभरात होणारं नाय. खिडकीतून बघते तर गेटाशी मोतीरामचा ट्रक. मोतीराम म्हणजे वाळूजच्या कोपऱ्यावरचा भंगारवाला, त्याच्याकडं क्रेनही आहे. प्राचार्यांनी त्याला अंदाज घ्यायला बोलावून ठेवलेलं. तो ट्रकला टेकून केळं खात उभा होता, बिनघोर. मला त्या केळ्याचाही राग आला.

तेवढ्यात स्वराली आली. तिच्या हातात वायरीसारखा एक बारीक कॅमेरा होता, टोकाला लहान दिवा असलेला, चित्र मोबाइलवर दिसतं. बॅटरीच्या खोक्यात आत डोकवायला तिनं मागवलेला. म्हणाली, "सर, प्लगच्या भोकातून बघू या का? या इंजिनात व्हॉल्व्ह बाजूला आहेत ना, म्हणजे भोकाच्या खालीच दिसतील."

"तुझ्या पंख्यात घाल तो," गुरुजी म्हणाले.

माझा तोल गेला. पोरांसमोर, सगळ्यांसमोर मी ओरडले. "गुरुजी, बास! ती पोरगी तुमच्या देवासाठी धावत आली आणि तुम्ही तिलाच हिडीसफिडीस करताय? रुसायचंय तर उद्या रुसा, आज उठा!"

गुरुजी उठले. स्वरालीकडं न बघता म्हणाले, "दुसऱ्या सिलिंडरमध्ये घाल."

तिनं वायर आत सोडली. मोबाइलवर आधी नुसता काळोख, मग काजळी, मग व्हॉल्व्हची गोल कड. आणि त्या कडेखाली अडकलेलं काहीतरी पिवळं-लाल. तिनं कॅमेरा जवळ नेला. तांदूळ होता. हळदीकुंकवाचा, अख्खा, न तुटलेला तांदूळ. त्याच्यावर व्हॉल्व्ह टेकून बसलेला, म्हणून पुरता मिटत नव्हता.

कुणी हसलं नाय. गुरुजींनी झेंडूचं सुकलेलं फूल बाजूला ठेवलं आणि एअर क्लीनर काढला. खाली कार्बोरेटरच्या तोंडात अजून चारपाच अक्षता. क्लीनर उन्हात वाळत होता आणि तोंड उघडं होतं, त्याच वेळी सगळ्यांनी मुठी उधळल्या होत्या. सकाळपासून स्टार्टर मारला तशा त्यातल्या काही हवेबरोबर आत ओढल्या गेल्या होत्या.

"मीच वाटल्या," ते म्हणाले. "परातभर मीच कालवल्या."

"नंतर रडा," मी म्हणलं. "आता काढा."

मग जी घाई झाली ती विचारू नका. आधी कार्बोरेटरचं तोंड साफ केलं. हँडलनं इंजिन हळूहळू फिरवत दुसऱ्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उचलला, भोकातून कॉम्प्रेसरची हवा मारली, आणि तो दाणा सटकन उडून गुरुजींच्या चष्म्यावर बसला. तिसऱ्यातला काय केल्या हलेना. स्वरालीच्या कॅमेऱ्यासोबत एक बारका आकडा आलेला होता, तो तिनं टोकाला लावला. ती मोबाइलकडं बघत वायर धरून, गुरुजी हँडलवर. "अजून थोडं, सर. थोडं. थांबा, थांबा! परत मागं." तिनं थांबा म्हणलं की त्यांचा हात जिथल्या तिथं थांबत होता. व्हरांड्यात बुटांचे आवाज यायला लागले. मी दारात जाऊन उभी राहिले, म्हणलं साहेबाला काहीतरी विचारून अडवते, माझा पगार नाय तर निदान हवापाणी. एवढ्यात मागून पोरांचा गिल्ला ऐकू आला. आकड्याच्या टोकाला अक्षत होती.

इंद्रजीतसाहेब आत आले तेव्हा गुरुजी शेवटचा प्लग घट्ट करत होते. नमस्कार-चमत्कार झाले. साहेब माणूस बरा होता, ते मला कबूल करायला पाहिजे. म्हणाले, "होऊ द्या."

गुरुजींनी डोळे मिटले आणि स्टार्टर दाबला. घरघर. परत घरघर. आणि मग ते लागलं. आधी खोकलं, जरा अडखळलं, आणि मग त्याची ती धिमी, ठाम लय पकडली. मग ॲम्बॅसिडर. मग फियाट, मारुती, डिझेल. पाचही एकदम चालू, शेड हादरतेय, पोरं ओरडतायत, स्वराली टाळ्या वाजवतेय. गेटावरून मोतीरामसुद्धा आत येऊन बघत उभा राहिला आणि त्यानंही टाळ्या वाजवल्या, स्वतःचं नुकसान विसरून. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. तेवढं मोकळं हसू मी त्यांच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं.

साहेबांनी व्हिडिओ काढला, दोनदा काढला. इंजिनं बंद झाल्यावर गुरुजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "असा संच मी कुठंच पाहिला नाही. याला भंगार म्हणणाऱ्यानं नजर तपासून घ्यावी. पुण्याला ट्रस्टच्या नव्या इमारतीत आम्ही मोटारींच्या इतिहासाचं दालन करतोय. हे पाचही तिथं मधोमध ठेवू. खाली तुमचं नाव."

पोरांनी परत टाळ्या पिटल्या. प्राचार्य खूश, शेड तर रिकामी होणारच होती. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

गुरुजींनी विचारलं, "तिथं चालू कोण करणार?"

"चालू नाही करायची हो. लोक येणार, धूर कसा चालेल? तेल-पेट्रोल सगळं काढून, छान रंगवून काचेत ठेवू. कायमची जपली जातील."

गुरुजींनी जीपच्या इंजिनावरचा तेलाचा डाग फडक्यानं पुसला. मग म्हणाले, "एक तरी इथं राहू दे. जीपचं. पोरांना शिकवायला."

साहेबांनी खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. "गुरुजी, संच तोडता येत नाही ना. तुमचीच अट आहे. मी कागद बघूनच आलोय."

मला राहवलं नाय. "साहेब, बंदच ठेवायची होती तर चालू आहेत का हे बघायला कशाला आलात?"

"मॅडम, बंद असती तर ती आज त्या ट्रकमध्ये गेली असती. मग मी काय करू शकलो असतो?" ते म्हणाले. स्वराली खाली मान घालून कॅमेऱ्याची वायर गुंडाळत होती. गुरुजी तिला म्हणाले, "दसरा झाला. ये, तुला पाचही नीट दाखवतो." आणि त्यांनी खरंच, साहेब गेल्यावर संध्याकाळपर्यंत, एकेक झाकण उघडून तिला सगळं दाखवलं. ती विचारत होती, ते सांगत होते. शिकवताना ते नेहमी चिडायचे, त्या दिवशी एकदाही चिडले नाय.

न्यायचा दिवस दिवाळीच्या अलीकडं ठरला. ट्रक मोतीरामचाच, कारण क्रेन त्याच्याकडं. आदल्या दिवशी गुरुजींनी पाचही इंजिनांचं तेल काढलं. पोरं पुढं झाली तर त्यांना हातानंच मागं सारलं. काळं, कोमट तेल ट्रेमध्ये पडत होतं आणि ते उकिडवे बसून शेवटच्या थेंबापर्यंत बघत होते. अंबिकाकाकूंचा फोन आला, मी बाहेर जाऊन घेतला. म्हणलं, "काकू, गोळी मी माझ्यासमोर खायला घातली. काळजी करू नका." आणि फोन ठेवून मी वायरिंगच्या बोर्डामागं जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी ते घरून तांब्याचं ताम्हन घेऊन आले. पंचपात्री, फुलं, वाटीत अक्षता. मोतीरामनं चप्पल काढून ठेवली आणि ट्रकचं इंजिन बंद केलं. खोडसाळ पोरं होती तिथंच, पण या वेळी उत्तरपूजेचं कुणी विचारलं नाय. गुरुजींनीच सांगितलं.

"उत्तरपूजेत अक्षता वाहायच्या आणि मूर्ती जागेवरून थोडी हलवायची. एवढंच. हलवली की देव गेला. मग ती नुसती वस्तू. मग तिला कुठंही न्या."

त्यांनी मूठभर अक्षता घेतल्या, हात उचलला आणि थांबले. खाली वाकून जीपच्या इंजिनाचा एअर क्लीनर चाचपला. घट्ट बसवलेला होता. दुसऱ्याचाही बघितला, तिसऱ्याचाही. पाचही बघून मग अक्षता वाहिल्या. एवढ्या काळजीनं की मला ओरडावंसं वाटलं, आता कशाला हो, आता कोण चालू करणार आहे?

मंत्र संपला. त्यांनी जीपच्या इंजिनावर हात ठेवला. बराच वेळ नुसताच ठेवला. पोरं बघतायत, मोतीराम बघतोय. मी म्हणलं, "गुरुजी, मी हलवू का?"

"नाय," ते म्हणाले, आणि बोटांनी हलकेच ढकललं.

स्टँडच्या चाकांना त्यांनीच ग्रीस भरलेलं होतं. एवढ्याशा धक्क्यानं ते अवजड इंजिन कुरकुर न करता दाराकडं सरकत निघालं. गुरुजी दोन पावलं त्याच्या मागं धावले आणि दोन्ही हातांनी त्याला धरून उभे राहिले.